आगीचे पाच आणि एक कोळसा

मंगळवार, दुपारी तीन
(शिवणयंत्र बंद आहे, म्हणून अक्षर सरळ येतंय)

तीर्थरूप ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग आपला कागदावरच. हल्ली खाली वाकलो की वर यायला खुर्ची लागते, तेव्हा आठांपैकी पाच अंगं पोचली असं धर.)

तुझा गुडघा कसा आहे? दिवसातून एकदाच जिना उतरते, असं तू फोनवर म्हणालीस. तुझ्या इमारतीखालच्या औषधवाल्या बाईंना मी सहज फोन केला होता, त्या म्हणाल्या तीनदा. दोघींपैकी एक जण खोटं बोलते आहे. बाईंना मी फारसा ओळखत नाही, पण तुला साठ वर्षं ओळखतो, त्यामुळे शोध घ्यायला फार वेळ लागला नाही. तीन मजले, लिफ्ट नाही, आणि नवा बसवलेला गुडघा. इतकी वर्षं वॉर्डातल्या पेशंटना तू पलंगावरून पाय खाली ठेवू दिला नाहीस, आणि स्वतःच्या बाबतीत मात्र तुझे नियम कुठे जातात कोण जाणे. इकडे आम्ही मजेत आहोत. तुझी भावजय मजेत आहे, तिच्याकडे कपड्यांचा ढीग आहे आणि ढीग असला की ती मजेत असते. मला निवृत्त होऊन चौदा महिने झाले. अजूनही रस्त्याने भोंगा वाजवत गाडी गेली की मी जेवणावरून उठतो, पण आता दारापर्यंत जाऊन परत येतो. पूर्वी चपला घालत होतो, म्हणजे सुधारणा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तू इथे राहायला यावंस, हा विषय या पत्रात नाही. ऑपरेशननंतर तू बावीस दिवस आमच्याकडे राहिलीस आणि तेविसाव्या दिवशी, मी बल्ब आणायला बाहेर पडलो असताना, टॅक्सी बोलावून निघून गेलीस. मागे चिठ्ठी ठेवलीस, ‘तुमची सगळी घडी विस्कटली, आता नीट बसवा.’ तुझा पलंग मावावा म्हणून आम्ही शिवणयंत्र खोलीतून बोळात हलवलं होतं, ते तुझ्या मनाला लागलं, हे नंतर कळलं. मी दोन बल्ब हातात घेऊन दारात उभा राहिलो होतो. मला वाईट वाटलं, ताई, फार वाईट वाटलं, आणि तुझा रागही आला. आता तू कुणाच्याच घरी राहायला जाणार नाहीस असं ठरवलं आहेस, आणि तुझं ठरलं की ठरलं. पण तो विषय इथे नाही. हे पत्र एका खेळाबद्दल आहे.

निवृत्तीच्या दिवशी लेकीने मला तळहाताहून जरा मोठं, पडदा असलेलं एक यंत्र पाठवलं. त्यात एक अख्खा देश आहे. त्या देशात गवतातून, तळ्यांतून, गुहांतून चित्रविचित्र प्राणी हिंडत असतात. ते पकडायचे, पाळायचे, वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचे. एका वेळी सहाच जवळ ठेवता येतात. आठ गावांत आठ उस्ताद बसलेत, त्या आठांना हरवलं की तू जिंकलीस. (तू नाही, मी. तू जिंकलीस असं लिहायची सवय लहानपणी लागली ती सुटत नाही.) प्रत्येक प्राण्याचं एक कूळ असतं, कुणी आगीचा, कुणी पाण्याचा, कुणी दगडाचा. पाण्याचा आगीच्याला भारी, आगीचा गवताच्याला भारी, असा सगळा मामला. शहाणी माणसं सहा कुळांचे सहा घेतात, म्हणजे कुणीही समोर आलं तरी एक ना एक उपयोगी पडतो. लेक म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला वेळ भरपूर आहे. तुम्ही एकाच कुळाचे सहा घेऊन खेळा, कठीण जाईल.’ कठीण जाईल असं म्हटल्यावर तुझ्या भावाला सोपं काहीतरी करायला लावणं किती कठीण आहे, हे तुला माहीत आहे.

कुठलं कूळ घ्यायचं, यात माझे चार दिवस गेले. मी रीतसर तक्ता केला. आडवी कुळं, उभे उस्ताद, कोण कुणाला भारी, कोण कुणापुढे नांगी टाकणार, सगळं. मोठा कागद घरात एकच होता, तुझ्या भावजयीच्या टेबलावरचा खाकी. त्याच्या दुसऱ्या बाजूला एका वकिलाच्या कोटाच्या बाहीचा नमुना होता, हे मला तक्ता पुरा झाल्यावर समजलं. तिने सरळ बाही कापली. त्यामुळे सध्या माझा तक्ता दोन भागांत आहे आणि दगडाचं कूळ कोपरावर आलं आहे. मी पाण्याचं कूळ घेणार, असंच सगळ्यांना वाटलं होतं. बत्तीस वर्षं अग्निशमन दलात पाणीच मारलं, दुसरं येतं काय? पण मी विचार केला. इतकी वर्षं आगीला मी पाहिलं ते धुरातून, घाईत आणि कायम तिच्या विरुद्ध बाजूने. नीट ओळख अशी झालीच नाही. म्हटलं, आता एकदा तिच्या बाजूला बसून बघू. सहाच्या सहा आगीचे घ्यायचे ठरवले. आमच्या जुन्या ड्रायव्हरला हे फोनवर सांगितलं, तर त्याने आधी वहिनींना फोन द्यायला सांगितलं.

बाजू बदलणं बोलायला सोपं आहे. माझा पहिला प्राणी म्हणजे तुऱ्याच्या जागी ज्योत असलेला एक कोंबडा. ओरडतो फार, म्हणून त्याचं नाव भोंगा. पहिल्याच झुंजीत त्याने गवतावर ठिणगी टाकली आणि मी यंत्र बंद केलं. मुद्दाम नाही, हात आपोआप गेला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी डोळे मिटून बटण दाबलं आणि तुझ्या भावजयीला विचारलं, विझलं का? त्यात आमच्याकडचा शिरस्ता असा, की आधी इमारतीभोवती पूर्ण फेरी मारायची, मगच पाइप उघडायचा. त्यामुळे पहिल्या गावातून बाहेर पडायला लोकांना दहा मिनिटं लागतात, मला चार दुपारी लागल्या. प्रत्येक घरात शिरून पाहणी केली. ताई, त्या गावात एकाही घराला मागचं दार नाही. जिने लाकडी आहेत. दुकानात एकच वाट, आणि तिथे मधोमध कुंडी. मी प्रत्येकाशी बोलायचा प्रयत्न केला, पण त्या माणसांना प्रत्येकी एकच वाक्य येतं. (आमच्या खात्यातही असे दोघे होते. एक तर वर चढत चढत पार मुख्यालयात गेला.)

हळूहळू गडी जमले. पाठीवर निखारे घेऊन फिरणारं एक कासव मिळालं, ती शेगडी. लांब मानेची, खुरांतून धूर काढणारी बकरी, ती शिडी. पंख झटकले की काळं काळं उडवणारा पतंग, तो काजळी. आणि एक जाडा बोका, ज्याच्या अंगाला हात लावला तर चटका बसतो आणि जो स्वतः काहीही करत नाही, त्याचं नाव साहेब. या नावामागे कोण आहे ते तू ओळखशील, तूच एकदा त्यांची जखम शिवली होतीस. हे पाच. सहाव्याचं पुढे सांगतो, कारण घोडं तिथेच अडलं आहे.

पण त्याआधी माझी फजिती ऐक, कारण तू माझ्या फजितीवर हसतेस तेव्हा मला बरं वाटतं. पाच जण जमल्यावर मी ड्युटीचा तक्ता लावला. तीन पाळ्या, प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी, आणि झुंजीत पुढे कोण जाणार ते सेवाज्येष्ठतेने. म्हणजे भोंगा पहिला, कारण तो सगळ्यांत आधी भरती झाला. शेगडी सगळ्यांत दणकट, पण ती शेवटी आली, म्हणून ती राखीव. मला यात काही चुकतंय असं वाटलंच नाही, सगळी नोकरी याच हिशेबाने केली. दुसऱ्या गावात तळ्याकाठी एक उस्ताद बाई आहेत, त्यांचे सगळे प्राणी पाण्याचे. त्यांनी मला एकोणीस वेळा हरवलं. सतरा वेळा मी भोंग्याला पुढे केलं आणि दोन वेळा साहेबांना, कारण त्या दिवशी भोंग्याची सुट्टी होती. मी हरलो की बाई दर वेळी हसून म्हणतात, पुन्हा या. त्या हसण्याने माझं डोकं तापायचं. एकोणिसाव्या खेपेला तुझी भावजय समोर बसून गुंड्या लावत होती. तिने मान वर न करता विचारलं, “शेगडीला का पाठवत नाही?”

“आज गुरुवार. तिची सुट्टी असते.”

तिने तोंडातली सुई काढली. “सुट्टी रद्द कोण करतं?”

“स्टेशन ऑफिसर.”

“तो कोण?”

“मीच.”

“मग करा की.”

तुला हसू येईल, पण ते करायला मला तीन गुरुवार लागले. मनाला पटेना. कासवाने एवढ्या दिवसांत कधी तक्रार केली नाही, तिचा हक्काचा दिवस कसा काढून घ्यायचा? शेवटी बदली सुट्टी सोमवारी द्यायची असं ठरवून मी तिला पाठवलं. तिने एकटीने तळं आटवलं. बाई हसायच्या थांबल्या, मला पदक दिलं, आणि मग ते इतक्या मनापासून दिलं की मलाच त्यांच्यावर रागावल्याची लाज वाटली. त्या दिवसापासून सेवाज्येष्ठता बंद. जो ज्या कामाचा तो त्या कामाला. निवृत्त झाल्यावर एवढी अक्कल आली, आधी आली असती तर मीही मुख्यालयात गेलो असतो, असं मी म्हणालो. तुझी भावजय म्हणाली, तिथे गेला असतात तर एकच वाक्य बोलला असतात. हा टोमणा मी दोन दिवस मनात घेऊन फिरलो आणि मग मलाच आवडायला लागला.

त्यानंतर गाडं सुरळीत चाललं. रोज दुपारी जेवण झालं की मी बोळाच्या टोकाला, खिडकीपाशी खुर्ची टाकतो, तुझी भावजय शिवत असते, आणि आम्ही दोघं आपापल्या कामात असतो. निवृत्तीनंतर माझं काय होणार, ही तुला काळजी होती. तर खरं सांगतो, मी सुखात आहे. सात उस्ताद झाले, सात पदकं आहेत. राहिला आठवा, आणि तो दगडाचा. दगडापुढे आग म्हणजे काय, तुला सांगायला नको. त्याच्याकडे घरांएवढे राक्षस आहेत, ते वरून शिळा टाकतात. काजळी तर पहिल्या शिळेलाच गेला. साहेबांनी शिळा पडायच्या आधीच डोळे मिटले. त्या माऱ्याखाली टिकणारा आगीच्या कुळात एकच प्राणी आहे, त्याचं नाव भट्टी. लोखंडी अंग, पोटात जाळ, दगड आदळला तर दगडच फुटतो. मी पहिल्या दिवशीच तक्त्यात सहाव्या जागी भट्टी लिहून ठेवली होती. सगळी फौज तिच्या भरवशावर बांधली.

आता ही भट्टी सरळ मिळत नाही. आधी कोळसा मिळतो, तो मोठा होऊन भट्टी होतो. कोळसा मला चौथ्या गावाच्या गुहेत सापडला. काळा, गोल, दोन बारीक डोळे आणि कपाळाला कायमची आठी. एका कोपऱ्यात बसून असतो. जवळ गेलं की मला काही नको, अशा अर्थाचा आवाज काढतो. खायला दिलं तर आपण वळल्यावर खातो. (तुला यावरून कुणाची आठवण झाली, तर तो माझा दोष नाही. मी फक्त वर्णन करतो आहे.) त्याला मी अकरा दिवस दोन-दोन पाळ्या लावल्या. सगळ्या झुंजी त्याने केल्या, डोळ्यांत तेल घालून मी त्याला सांभाळलं. ताकद वाढली, आकडे वाढले, पण कोळसा तो कोळसाच. शेवटी हात टेकले आणि लेकीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, तो कितीही लढला तरी असा मोठा होणार नाही. त्याला दुसऱ्या खेळणाऱ्याच्या हाती द्यावं लागतं, समोरासमोर, यंत्राला यंत्र जोडून. दुसऱ्याच्या घरी पोचला की तिथे तो पेटतो, भट्टी होतो. मग त्यांनी तो परत द्यायचा.

माझा सगळा बेत या एका अटीवर आपटला. तक्त्यात मी सगळं लिहिलं होतं, वजन, वेग, कुणापुढे कोण, पण एखादा प्राणी एकट्याने मोठाच होत नाही, असा रकानाच मी आखला नव्हता. कुठल्या शहाण्याने हा नियम केला असेल, याचा मी दोन दिवस विचार केला. आधी राग आला, मग राग गेला.

पण द्यायचा कुणाला? शेजारचा वायरमन खेळतो, पण त्याने गेल्या वर्षी माझी शिडी नेली ती परत आणली तेव्हा एक पायरी कमी होती. (खरी शिडी. बकरी नव्हे.) त्याच्या हाती कोळसा दिला तर परत काय येईल सांगता येत नाही. जुन्या ड्रायव्हरकडे माझी बॅटरी पाच वर्षं आहे, ती तो आता स्वतःची म्हणून लोकांना उसनी देतो. लेक इतकी लांब. म्हणून मी आठव्या उस्तादाच्या दारात तीन आठवडे पाच जण घेऊन उभा आहे. पुन्हा आत जायची हिंमत नाही आणि मागे फिरायची इच्छा नाही. भोंगा अधूनमधून ओरडतो.

असो. पत्र फार लांबलं, आणि एवढं सगळं वाचायला चष्मा पुसावा लागला असेल त्याबद्दल माफ कर. तब्येतीला जप. जिना एकदाच उतर. औषधवाल्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांनी फक्त विचारलेल्याचं उत्तर दिलं.

तुझा,
धाकटा

ता. क. आत्ता पत्र पुन्हा वाचताना एक विचार मनात आला, तो आधी आला नव्हता. तू घेतलेली वस्तू कधी ठेवून घेतली नाहीस. माझा स्वेटर नेलास तो धुऊन, इस्त्री करून, वर तारखेची चिठ्ठी लावून परत दिलास, आणि तो मी तसाच जपून ठेवला आहे. कोळसा सुरक्षित राहील असा हात मला तरी दुसरा दिसत नाही. दुसऱ्या यंत्राची सोय मी कुठूनतरी मागून करीन, तुला फक्त बटणं दाबायची. तुला खेळ येत नाही ही अडचण नाही, सुरुवातीपासून शिकवीन.

ता. क. दुसरा. यंत्रं एका खोलीत असावी लागतात, ती तुझ्याकडे आणता आली असती. पण लेक म्हणते, अदलाबदल कधीकधी पहिल्या दिवशी होत नाही. कधी आठवडा लागतो. महिनाही लागू शकतो. तेव्हा कपडे त्या हिशेबाने आण. हा विषय या पत्रात नाही असं मी वर लिहिलं आहे, पण ता. क. पत्रात धरत नाहीत.

(दुसऱ्या अक्षरात)

ताई, नमस्कार. तिकीट लावायला पाकीट माझ्याकडे आलं, उघडंच होतं, म्हणून वाचलं. दोन गोष्टी मला सांगायच्या आहेत. तुम्ही गेल्यावर शिवणयंत्र आम्ही परत खोलीत नेलंच नाही. बोळात उजेड चांगला येतो आणि येणारं-जाणारं माणूस दिसतं. तुमच्यामुळे मला बसायला चांगली जागा मिळाली, आणि हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. ते राहून गेलं.

दुसरं म्हणजे, यंत्र कुणाकडे मागायची गरज नाही. लेकीने दोन पाठवली होती. माझं गुंड्यांच्या खणात असतं. हे बाहेर गेले की मी खेळते, आठही उस्ताद मागच्या महिन्यात झाले. यांना माहीत आहे. कोळसा माझ्याकडे द्या, दोन मिनिटांत परत देते, असं मी यांना तीन आठवड्यांपूर्वीच म्हटलं. यांनी यंत्र पाठीमागे लपवलं आणि म्हणाले, नको, ते काम ताईचं आहे. मी पुन्हा विचारलं नाही. तुम्ही कधी निघताय तेवढं कळवा.